‘रोड’ नावाची गावे आणि मराठी साहित्य

वसईहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसून स्टेशनांच्या पाट्या वाचत गेले, की एक शब्द पुन्हा पुन्हा समोर येतो. वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड. हा प्रकार आपल्याच पट्टीत आहे असे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडी जंक्शनचे जुने नाव बार्शी रोड असे होते. या ‘रोड’चा अर्थ सरळ आहे. गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथून फुटतो. रेल्वे कंपनीच्या इंजिनिअरांनी आपल्या सोयीची, चढउतार नसलेली आणि कमीत कमी पुलांची वाट पाहिली आणि रूळ टाकले. गाव मैल दोन मैल बाजूला राहिले. मग स्टेशनाच्या तोंडाशी टांग्यांचा अड्डा झाला, चहाचे दुकान आले, लाकडाची वखार आली, आडत्या आला, धर्मशाळा झाली, रेल्वेच्या चाळी उभ्या राहिल्या. बघता बघता मूळ गावाच्या जोडीला दुसरेच एक गाव वसले. अनेक ठिकाणी हे दुसरे गाव पहिल्यापेक्षा मोठे झाले.

या दुसऱ्या गावाला मराठीत धड नावसुद्धा नाही. ‘आम्ही गावात राहत नाही, स्टेशनावर राहतो,’ असे माणसे सांगतात आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. मराठी मुलखात पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. म्हणजे या वस्त्यांना दीडशेच्या वर वर्षे होत आली. इतक्या काळात मराठी साहित्याने या गावाकडे किती पाहिले, आणि पाहिले नसेल तर का नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा नाही. सीमेवरच्या मराठी कुटुंबांचा त्याशी थेट संबंध आहे, तो कसा हे पुढे येईलच.

१

रेल्वेचे गाव म्हणजे काय, हे समजून घ्यायला अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. आपल्याकडे गाव आधी आणि रेल्वे मागाहून आली. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या गवताळ मैदानांत हा क्रम उलटा होता. १८५० नंतर सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी देऊ केल्या. कंपन्यांनी रूळ टाकत नेले आणि ठरावीक अंतरावर कागदावर गावे आखली. शेतकऱ्याने सकाळी धान्याची गाडी घेऊन निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परतावे, असा साधारण हिशेब. वाफेच्या इंजिनालाही वरचेवर पाणी लागे. एक स्टेशन, धान्याचे उंच कोठार, पाण्याची टाकी, रुळांना काटकोनात निघालेला एक मुख्य रस्ता, त्यावर बँक, हॉटेल आणि दुकाने, असा जवळजवळ एकच नकाशा शेकडो गावांना लावला गेला. पुढे मोटार ट्रक आले, रस्ते पक्के झाले, विसाव्या शतकाच्या मध्यास डिझेल इंजिने आली आणि पाण्यासाठी थांबण्याचे कारण संपले. कित्येक फाटे बंद पडले. रुळांनी जन्माला घातलेली गावे रुळांबरोबर सुकत गेली.

आपल्याकडे संपूर्ण गावच कंपनीने वसवले असे क्वचित झाले. तरी भुसावळ, मनमाड, दौंड, इगतपुरी या गावांची आजची ओळख रेल्वेनेच घडवली. थळ घाटाची चढण १८६५ मध्ये खुली झाली आणि घाटमाथ्यावरच्या इगतपुरीला इंजिने जोडण्या-सोडण्याचे काम आले. भुसावळला नागपूरकडचा आणि खांडव्याकडचा असे दोन मार्ग फुटले आणि एका खेड्याचे मोठे जंक्शन झाले. आपल्या बाजूची बी. बी. अँड सी. आय. कंपनीची लाइन १८६४ मध्ये मुंबईला पोचली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्याची लाइन सुरतेहून खानदेशात शिरली. वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे अरुंद रूळ पडले, तीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेली. डांगच्या जंगलातले लाकूड आणण्यासाठी गायकवाडी राज्याने बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची छोटी लाइन बांधली. या प्रत्येक लाइनीवर स्टेशनांभोवती माणसांचे नवे पुंजके तयार झाले.

या पुंजक्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. मूळ गावात कोण कोणाचा, कोणाची जात कोणती, कोणाचे शेत कुठले, हे सर्वांना जन्मापासून ठाऊक असते. स्टेशनाभोवतीच्या वस्तीत तसे नसते. तेथे ड्रायव्हर कुठला तरी गोव्याकडचा, गार्ड मद्रासकडचा, आडत्या मारवाडी किंवा बोहरी, हमाल आसपासचा आदिवासी, मास्तर कोकणातला. विचारल्याखेरीज माणूस कळत नाही. आपल्या समाजात ही फार मोठी गोष्ट होती.

२

अमेरिकन साहित्याने आपली रेल्वेची गावे गांभीर्याने घेतली. शेरवूड अँडरसनचा ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ हा कथासंग्रह १९१९ चा. एका लहान गावातली माणसे त्यात एकेक करून येतात. गावच्या वर्तमानपत्राचा तरुण बातमीदार जॉर्ज विलर्ड या कथांना जोडतो आणि शेवटी गाडीत बसून गाव सोडतो. सिंक्लेअर लुईसची ‘मेन स्ट्रीट’ १९२० ची. तीत अशाच एका गावाच्या आत्मसंतुष्टपणाची निर्दय थट्टा आहे. लुईसला १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारा तो पहिला अमेरिकन लेखक.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला अधिक जवळची वाटते ती विला कॅथर. नेब्रास्कातल्या रेड क्लाउड या रेल्वेच्या गावी तिचे बालपण गेले आणि हेच गाव वेगवेगळ्या नावांनी तिच्या कादंबऱ्यांत येत राहिले. ‘माय आंतोनिया’ (१९१८) मध्ये पोरका झालेला जिम बर्डन आणि बोहेमियातून आलेले शिमेर्दा कुटुंब एकाच गाडीने त्या अफाट मैदानात उतरतात. जिम पुढे एका मोठ्या रेल्वे कंपनीचा वकील होतो. आंतोनिया तेथेच राहते, शेतावर राबते, मुलेबाळे वाढवते आणि आपली भाषा घरात जपते. बोहेमियन, नॉर्वेजियन, स्वीडिश मुली गावात कामाला येतात, मोडके इंग्रजी बोलतात आणि गावातल्या जुन्या घरांना त्यांचे काय करावे हे कळत नाही. कॅथरने या मुलींच्या भाषेला हसून सोडून दिले नाही. त्यांच्या बोलण्यातल्या अडखळण्यालाही तिने माणसाची प्रतिष्ठा दिली.

‘अ लॉस्ट लेडी’ (१९२३) ही तिची लहान कादंबरी तर रेल्वेच्याच गावाचा उदय आणि अस्त सांगते. कॅप्टन फॉरेस्टर हा रूळ टाकणारा जुना कंत्राटदार. बँक बुडाल्यावर तो स्वतःची मालमत्ता घालून लहान ठेवीदारांचे पैसे चुकते करतो. त्याच्या मागून आयव्ही पीटर्ससारखा हिशेबी, क्षुद्र वकील येतो आणि कॅप्टनने निव्वळ आवडीपोटी राखलेली पाणथळ जमीन निचरा करून पिकाखाली आणतो. मॅरियन फॉरेस्टर या दोन काळांच्या मध्ये सापडते. कॅथरचा कल उघडपणे पहिल्या पिढीकडे आहे. आणि येथेच तिची मर्यादाही दिसते. कॅप्टनचे घर ज्या टेकडीवर आहे ती पूर्वी रेड इंडियनांच्या तळाची जागा होती, हे कॅप्टन स्वतः सांगतो. मात्र त्या तळावरची माणसे कुठे गेली, हे कादंबरी विचारत नाही. रूळ टाकणाऱ्याच्या स्वप्नाचे मोल ती जाणते, ज्यांच्या जमिनीवरून रूळ गेले त्यांचे मोल तिच्या हिशेबात येत नाही. ही उणीव आपण लक्षात ठेवू, कारण पुढे ती आपल्यालाही लागू होणार आहे.

भारतीय साहित्यात या जातीचे गाव उभे केले ते आर. के. नारायण यांनी. मालगुडीची कल्पना सुचली तेव्हा आधी एक लहानसे रेल्वे स्टेशनच डोळ्यांपुढे आले, असे त्यांनी सांगितले आहे. ‘द गाइड’ (१९५८) मधल्या राजूच्या घरासमोर रूळ पडतात, स्टेशन होते, त्याला स्टेशनावरचे दुकान मिळते आणि तो ‘रेल्वे राजू’ होतो. अनोळखी प्रवाशाला हवे ते सांगण्याचा धंदा तो स्टेशनावर शिकतो आणि तोच त्याला शेवटी साधूच्या आसनापर्यंत घेऊन जातो. स्टेशनाने माणूस कसा घडतो आणि कसा बिघडतो, याचे याहून नेमके चित्र आपल्याकडे मला माहीत नाही.

३

आता मराठीकडे वळू. एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. आपले जे ग्रामीण आणि प्रादेशिक साहित्य नावाजले गेले, त्यातला मोठा भाग जेथे आगगाडी पोचली नव्हती अशा मुलखातून आला. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. तोवर कोकणी माणसाची ये-जा बोटीने आणि एस.टी.ने. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या माणदेशातल्या धनगरवाडीला आगगाडी शोभलीही नसती. तेव्हा या लेखकांनी स्टेशन का लिहिले नाही, असे विचारणे अन्यायाचे होईल.

पण खानदेशाचे काय? नगर-सोलापूरचे काय? ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागाचे काय? तेथे तर चार पिढ्या रुळांच्या आवाजावर घड्याळ लावत आल्या. येथे मला दोष समीक्षेचा वाटतो. आपल्या समीक्षेने ‘गाव’ आणि ‘शहर’ असे दोन कप्पे केले. गाव म्हणजे माती, बलुतेदारी, बोली, दुष्काळ. शहर म्हणजे चाळ, कारखाना, एकटेपणा. साठ-सत्तरच्या दशकात ग्रामीण साहित्याची चळवळ आली, पुढे भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेचा आग्रह धरला. या दोन्ही विचारांनी मराठी वाङ्मयाला खूप दिले, त्याबद्दल दुमत नाही. मात्र दोहोंचाही पाया ‘आपल्या मातीत मुळे रोवलेला माणूस’ हाच राहिला. स्टेशनाभोवतीच्या माणसाची मुळे कुठल्या मातीत धरायची? तो गावातही बसेना आणि शहरातही बसेना. कप्पा नसल्यामुळे तो दिसला नाही, आणि तो दिसत नाही म्हणून लिहिणाऱ्यालाही वाटले की हा काही साहित्याचा विषय नव्हे.

याची एक विलक्षण खूण मराठी कवितेच्या इतिहासात आहे. बालकवी ठोमरे यांचा जन्म १८९० मध्ये धरणगावचा. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली या लहानशा स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. धरणगाव तापी लाइनीवरचे स्टेशन, भादली हेही स्टेशनच. निसर्गकवी म्हणून आपण त्यांना शिकवतो, ते योग्यच आहे. पण भादली हे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात येते ते केवळ एका अपघाताचे ठिकाण म्हणून. तेथे माणसे राहत होती, पॉइंट्समन कंदील घेऊन रात्रभर जागत होते, याची नोंद साहित्याने ठेवली नाही.

४

तरीही मराठी माणसाने स्टेशनाविषयी लिहिलेले जे थोडे आहे, ते पहिल्या प्रतीचे आहे. आणि ते कोणी लिहिले, हे पाहण्याजोगे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथनपर लेखन १९३५ नंतरचे. पुस्तिकेच्या रूपाने ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली पहिलीच हकीकत १९०१ सालची आहे. वडील नोकरीनिमित्त दूर होते. त्यांना भेटायला लहान भीमराव आणि बरोबरची मुले सातारच्या बाजूने रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नाही. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. आम्ही महार आहोत, असे मुलांनी भाबडेपणाने सांगताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही न्यायला तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने पायी चालायचे, या बोलीवर एक गाडी मिळाली. पुढची रात्र पाण्यावाचून गेली.

या हकीकतीचा सामाजिक अर्थ सर्वांना ठाऊक आहे. तिची वाङ्मयीन रचनाही पाहावी. रेल्वेने तिकीट घेतले आणि मुलांना डब्यात बसू दिले. फलाटावरही काही काळ ती केवळ चांगल्या घरची मुले होती. मास्तरचा प्रश्न आणि त्याचे उत्तर, या दोहोंमधला जो क्षण आहे, तोच स्टेशनाचा खरा क्षण. विचारेपर्यंत जात कळत नाही, असे त्या पंचक्रोशीतले ते बहुधा एकमेव ठिकाण. आणि विचारल्यानंतर तेथेही गाव आपला हात पोचवते. रेल्वेने दिलेले आणि गावाने काढून घेतलेले, दोन्ही एका प्रसंगात दिसते. बाबासाहेबांनी आवाज जराही न चढवता हे सांगितले आहे.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेचा नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो. म्हणजे ही आपल्या बाजूची कथा झाली. कामावर रुजू होताना तो आनंदात आहे, नव्या भारताची स्वप्ने पाहतो आहे. सोबतचे कामगार त्याला वरच्या जातीचा समजतात आणि तो त्यांची समजूत मोडत नाही. जात उघड होते तेव्हा त्याला मार बसतो. मारणारे हात समोरच्या माणसांचे असले तरी खरा मारणारा मनू आहे, हे त्याचे शेवटचे भान. बाबासाहेबांच्या हकीकतीतला तो एक क्षण बागुलांनी ताणून पूर्ण कथेएवढा केला. ओळख नसलेल्या वस्तीत माणसाला किती मोकळे वाटते आणि त्या मोकळेपणाची तो किती भीत भीत किंमत मोजतो, हे मराठीत इतक्या दाहक रीतीने दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मध्ये रेल्वे स्टेशनाऐवजी हन्नूरचा एस.टी. स्टँड आहे. गावात ज्यांना घर नाही अशी माणसे स्टँडच्या आडोशाला संसार मांडतात. ठिकाण वेगळे असले तरी गोष्ट तीच. गावाने जागा नाकारली की माणूस वाहनतळाशी येतो.

चौथे उदाहरण अरुण कोलटकरांचे. ‘जेजुरी’ हा त्यांचा संग्रह १९७६ मध्ये निघाला आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. देवळे, पुजारी, दगड, कुत्री असे फिरून झाल्यावर संग्रहाच्या अखेरीस कवी जेजुरीच्या रेल्वे स्टेशनावर येऊन परतीच्या गाडीची वाट पाहतो. गाड्यांच्या वेळा दाखवणारा फलक, फलाटावरचे कुत्रे, चहाचा स्टॉल, स्टेशन मास्तर, मावळता सूर्य. देवळातली सगळी भाषा कोलटकरांनी येथे स्टेशनाला लावली आहे. व्रत, नवस, श्रद्धा, साधुत्व हे सारे फलाटावर अवतरते आणि गाडी कधी येणार हे काही केल्या कळत नाही. ही थट्टा आहे, परंतु तीत तुच्छता नाही. एका लहान स्टेशनाकडे इतके थांबून पाहणारा कवी आपल्याकडे दुसरा झाला नाही.

चारही उदाहरणे एकत्र ठेवली की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, यांतल्या तिघांना गावाने ‘आपला’ म्हटलेच नव्हते. गावाचे देणे ज्याच्या डोक्यावर नव्हते, त्यालाच स्टेशन स्पष्ट दिसले. दुसरी गोष्ट मला अस्वस्थ करते. बाबासाहेबांनी ती हकीकत इंग्रजीत लिहिली. दोन्ही भाषांत सारख्याच समर्थपणे लिहिणाऱ्या कोलटकरांचा हा संग्रहही इंग्रजीतच प्रसिद्ध झाला. त्यांना तो अधिकार होता आणि त्यांची कारणेही वेगवेगळी होती. पण मराठी वाचकाने स्वतःला विचारायला हवे, की आपल्या भाषेच्या घरात या विषयाला पुरेशी जागा आहे का?

५

आता सीमेवरच्या आपल्या कुटुंबांकडे येतो. दादरा नगर हवेलीत रेल्वे नाही. आमचे स्टेशन वापी, आणि ते गुजरातेत. १९५४ च्या २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. १९६० च्या १ मे रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि रुळांवरून एक नवी, न दिसणारी रेषा गेली. ती संजाण आणि घोलवडच्या दरम्यान आहे. गाडी काही तेथे थांबत नाही. तापी लाइनीवर तर ही रेषा नवापूर स्टेशनाच्या फलाटावरूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरची कचेरी गुजरातेत, आणि गाड्यांच्या घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत. स्टेशन आधीचे, रेषा नंतरची. फलाटावर झोपणाऱ्याला आपले डोके कोणत्या राज्यात आणि पाय कोणत्या राज्यात याची चिंता नसते.

कॅथरच्या रेड क्लाउडमध्ये जशा बोहेमियन आणि स्वीडिश भाषा एका रस्त्यावर ऐकू येत, तशाच वापीत, उंबरगावात, नवापुरात, सिल्वाशात गुजराती, मराठी, हिंदी, वारली, भिली ऐकू येतात. १९६७ च्या सुमारास वापीत औद्योगिक वसाहत आली आणि खानदेश, विदर्भ, कोकणातली कुटुंबे येथे उतरली. त्यांची तिसरी पिढी आता शाळेत आहे. या मुलांना कोणीही विचारतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा तोच स्टेशनावरचा प्रश्न. आणि मुलेही आजोबांच्या गावाचे नाव सांगून मोकळी होतात.

‘माझे गाव’ या विषयावरचे निबंध मी अनेक वर्षे तपासत आलो आहे. त्या निबंधांत हमखास नदी असते, पिंपळाचा पार असतो, देऊळ असते, पहाटे मोटेचा आवाजही येतो. मोट या मुलांनी चित्राखेरीज कुठे पाहिलेली नाही. एकाने एकदा प्रामाणिकपणे लिहिले होते : माझे गाव जळगाव जिल्ह्यात आहे, मी तेथे दोनदा गेलो आहे. वर्गात हशा पिकला. मला मात्र तो त्या गठ्ठ्यातला सर्वांत खरा निबंध वाटला. पाळी बदलताना वाजणारा भोंगा, वापीकडे जाणाऱ्या रिक्षांची रांग, पुराच्या दिवसांत दमणगंगेवरच्या पुलावर थबकलेली रहदारी, दुकानात गुजरातीत सुरू होऊन मराठीत संपणारी वाक्ये, हे त्यांचे गाव. पण हे गाव निबंधात चालते, असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. पाठ्यपुस्तकाने नाही, साहित्याने तर नाहीच.

प्रश्न आहे तो हा. गावाकडची माती हीच मराठीपणाची कसोटी ठरली, तर सीमेवरचे मराठी कुटुंब कायम उसन्या आठवणींवर जगणार. त्याची मिश्र भाषा अशुद्ध ठरणार आणि त्याचे खरे आयुष्य लिहिण्यायोग्य नाही, अशी त्याच्याच मुलांची समजूत होणार. अशी मुले मराठी सोडून देतात तेव्हा आपण इंग्रजी शाळांना दोष देतो. ज्या भाषेत आपले घर दिसत नाही ती भाषा घरात टिकावी कशी, हे विचारत नाही.

६

म्हणजे मग आता कोणी ‘डहाणू रोड’ नावाची हळवी कादंबरी लिहावी, असे मला सुचवायचे आहे का? तसे नाही. वाफेच्या इंजिनाची शिट्टी, लाल कंदील, मातीच्या भांड्यातला चहा, यांवर गहिवरून लिहिलेले लेख वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून पुष्कळ येतात. गहिवर ही समजूत नव्हे.

कॅथरची जी उणीव वर सांगितली, ती टाळायची तर आपल्या स्टेशनाचा संपूर्ण हिशेब मांडावा लागेल. या पट्ट्यातल्या स्टेशनांवरून काय भरून जात होते? गवत आणि लाकूड. गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. ते कापणारे वारली होते आणि त्यांच्याच पूर्वजांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या होत्या. १९४५ मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात वारल्यांचा लढा उभा राहिला. त्यातली एक मुख्य मागणी पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, ही होती. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये सांगितली आणि १९७२ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक आपण चळवळीचे पुस्तक म्हणून वाचतो. स्टेशनाच्या गोदीत रचलेल्या गवताच्या गंज्यांची दुसरी बाजू म्हणूनही ते वाचायला हवे. डहाणू रोडच्या चहाच्या दुकानाविषयी लिहिताना त्या गंजीखालचा माणूस सुटला, तर आपलेही पुस्तक अर्धेच राहील.

दुसरी कसोटी भाषेची. आपल्या बाजूचा माणूस कथेत बोलू लागला की लेखक त्याची भाषा एकतर पुणेरी करतो, नाहीतर विनोदापुरती गुजराती घालतो. कॅथरने बोहेमियन मुलींच्या इंग्रजीला जे दिले, ते आपण आपल्या मिश्र मराठीला द्यायला हवे. ही भाषा बोलणारा माणूस रडतो, भांडतो, कर्ज मागतो, मुलीच्या सासरी निरोप धाडतो. तिच्यात सगळे मावते.

तिसरी गोष्ट वेळेची. हे जग झपाट्याने पालटते आहे. ‘शकुंतले’चे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये थांबले आणि पुढे ती गाडीही बंद पडली. बिलिमोरा-वघईची गाडी बंद करण्याचे ठरले होते, लोकांच्या आग्रहाने ती २०२१ मध्ये पुन्हा धावली. २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि ते गाव एका अर्थाने मुंबईचे शेवटचे स्टेशन झाले. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकलेले, हाताने सांधे बदललेले, गवताच्या वाघिणी भरलेले लोक आज फार थोडे उरले आहेत. त्यांचे बोलणे उतरवून घेण्यास मोठी प्रतिभा लागत नाही, वही आणि चिकाटी लागते. या अंकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरात असा एखादा वृद्ध माणूस आज बसलेला असेल.

साहित्य त्यातून लगेच निर्माण होईल, असे मी म्हणत नाही. त्याला आपला वेळ लागतो. परंतु कॅथर रेड क्लाउडविषयी लिहू शकली, कारण तिच्या शेजारच्या बायकांनी तिला आपल्या गोष्टी सांगितल्या आणि त्या ऐकण्याजोग्या आहेत, असे तिला वाटले. आपल्याकडे सांगणारे आहेत. ऐकणाऱ्याने मात्र आधी हे मानले पाहिजे, की ‘आम्ही स्टेशनावर राहतो’ हेही आपल्या गावाचे पूर्ण उत्तर आहे. त्यानंतर ‘मूळचे कुठले’ म्हणून पुन्हा विचारायचे कारण उरत नाही.